33 व्या रेजिमेंटचा कोट: आयलाऊच्या मोहिमेतले रंग शोधताना

नेपोलियनच्या पायदळाचा शिपाई म्हटलं की गडद निळा कोट, छातीवर पांढऱ्या पट्ट्या, लाल कॉलर आणि लाल कफ हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. 28 मिलिमीटरच्या प्लास्टिक शिपायांच्या खोक्यांवरही तेच छापलेलं असतं आणि बहुतेक सालांसाठी ते योग्यच आहे. असे छोटे शिपाई रंगवणं हा माझा छंद. मी रंगवायला घेतलेली बटालियन होती फेब्रुवारी 1807 मधली, पूर्व प्रशियातल्या आयलाऊच्या लढाईतली. त्या काळापुरतं मात्र हे चित्र मोडतं, कारण तेव्हा फ्रेंच पायदळाच्या काही रेजिमेंटना पांढरे कोट दिले जात होते. हे पांढरे कोट कोणाला मिळाले, त्यावर कुठले रंग होते आणि ऐन लढाईत ते किती जणांच्या अंगावर असतील, हे शोधण्यात माझे कित्येक महिने गेले. रंगवायला लागला त्यापेक्षा जास्तच वेळ वाचण्यात आणि ताडून पाहण्यात गेला, आणि मला तो भाग अधिक आवडला.

या छंदात नव्यानं आलेले लोक मला विचारतात, "फ्रेंच निळ्यासाठी कुठला रंग घेऊ?" मी त्यांना उलट विचारते, "साल कुठलं?" 1805 मध्ये ऑस्टरलिट्झला लढलेला शिपाई दोन टोकांची आडवी टोपी घालत होता. 1806 च्या सुरुवातीच्या हुकमानं पायदळाला शाको मिळाला, म्हणजे वर रुंद होत जाणारी उंच टोपी. 19 जानेवारी 1812 ची मेजर बार्दँची नियमावली आली आणि लांब शेपटांचा, छातीखाली उघडा राहणारा कोट जाऊन कमरेपर्यंत बंद होणारा आखूड कोट आला. हुकूम निघणं आणि कपडा अंगावर चढणं यांत पुन्हा अंतर. जुना कोट टिकेपर्यंत वापरायचा, नवा कोट ठरलेल्या मुदतीनंतर मिळणार, आणि रेजिमेंट फ्रान्सपासून हजारभर मैलांवर असली तर तो गाडीतून येणार. त्यामुळे एका रांगेत दोन-तीन नियमावल्या शेजारी शेजारी उभ्या असू शकतात.

मी 33 वी लाइन रेजिमेंट, म्हणजे नेहमीच्या पायदळातली, निवडली. मार्शल दाव्हूच्या तिसऱ्या कोअरमध्ये, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेत, जनरल फ्रियाँच्या डिव्हिजनमध्ये ती होती. 14 ऑक्टोबर 1806 ला आउअरश्टेट्टला हीच डिव्हिजन प्रशियन सैन्याच्या मुख्य फौजेसमोर उभी राहिली, आणि चार महिन्यांनी आयलाऊला दाव्हूचा कोअर रशियन फौजेच्या डाव्या बगलेवर चालून गेला. आयलाऊ आज रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे, बाग्रातिओनोव्स्क या नावानं. पांढऱ्या कोटाच्या रेजिमेंटच्या ज्या याद्या वारंवार भेटतात, त्यांत 33 वी असते. याद्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. सुमारे वीस क्रमांक मात्र पुन्हा पुन्हा येतात. दाव्हूच्या कोअरमधल्या आणखी काही रेजिमेंटही त्यांत आहेत, त्यामुळे शेजारच्या तुकड्यांकडे पाहूनही काही अंदाज बांधता येतो.

पांढरा कोट का आला? 25 एप्रिल 1806 च्या हुकमामागे नीळ होती. फ्रान्सला निळीचा मोठा पुरवठा सेंट-डोमिंग या कॅरिबियन वसाहतीतून व्हायचा. तिथं 1791 मध्ये गुलामांचा उठाव झाला आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालं. 1803 पासून ब्रिटनशी पुन्हा युद्ध सुरू होतं, आणि ऑक्टोबर 1805 मधल्या ट्रफाल्गरनंतर समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता. निळीचा दुसरा मोठा उगम होता बंगाल, आणि बंगालची नीळ लंडनला जात होती. बंगालमध्ये 1777 च्या सुमारास निळीची पहिली युरोपीय लागवड लुई बोनो नावाच्या एका फ्रेंच माणसानं केली असं सांगतात. तीस वर्षांत तो सगळा धंदा ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात मोठा झाला आणि नेपोलियनच्या कोठारांना तिथून सरळ माल मिळेना.

इथे तारखांचा क्रम पाहायला हवा, कारण बऱ्याच लिखाणात हा पांढरा कोट नेपोलियनच्या व्यापारबंदीच्या खात्यावर मांडलेला दिसतो. युरोप खंडात ब्रिटिश माल येऊ द्यायचा नाही हा बर्लिनचा हुकूम 21 नोव्हेंबर 1806 चा आहे, म्हणजे पांढऱ्या कोटाच्या हुकमानंतर सात महिन्यांनी. टंचाई आधीच होती, व्यापारबंदीनं ती वाढवली. पुढे फ्रेंच सरकारनं वोडच्या लागवडीला उत्तेजन दिलं. वोड ही युरोपातली जुनी रंगवनस्पती. तिच्या पानांत निळीतलंच रंगद्रव्य असतं, पण प्रमाण फार कमी. पूर्वी तुलूझचा सगळा परिसर तिच्यावर श्रीमंत झाला होता, आणि भारतीय नीळ युरोपात स्वस्त झाल्यावर ती शेती मागे पडली होती.

गडद निळा कोट इतका महाग का पडतो हे मला पुस्तकांतून नीट कळलं नव्हतं. ओळखीच्या एक ताई नैसर्गिक रंगांनी कापड रंगवतात. त्यांच्याकडे लोकरीचे तुकडे घेऊन गेले. निळीच्या हौदातून लोकर बाहेर निघते तेव्हा ती पिवळसर हिरवी असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. ताई म्हणाल्या, "अगं, एका बुडीत फक्त आकाशी येतो. तुला हवा तो रंग यायला बुडव, वाळव, परत बुडव." त्या गडद छटेपर्यंत पोचायला किती नीळ लागते ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. एका कोटाला लागणारं कापड आणि लाखोंची फौज असा हिशेब मनात मांडला, तर पांढऱ्या कोटामागचं कारण आपोआप उलगडतं.

त्याच तुकड्यांनी रंगकामाचीही एक गोष्ट शिकवली. गडद बुडवलेली लोकर काळ्याच्या जवळ जाते, सावलीत जवळजवळ काळीच दिसते आणि उन्हात तिच्यातला निळा उघडतो. घासलेल्या कडांवर, शिवणीवर, कोपरावर रंग आधी उतरतो आणि तिथे फिकटपणा येतो. म्हणून निळ्या कोटाला मी रंगाचा मूळ थर व्हॅलेहो कंपनीच्या डार्क प्रशियन ब्लूचा देते, खोलगट भागात काळ्याचा पातळ वॉश सोडते आणि कडांना त्याच निळ्यात थोडा राखाडी मिसळून हायलाइट देते. बाटलीवरचं नाव ज्या रंगद्रव्याचं आहे ते अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडलं आणि चित्रकारांनी ते भरपूर वापरलं. प्रशियन शिपायाच्या कोटाची लोकर मात्र निळीतच रंगवली जाई, फ्रेंचांसारखी. त्यामुळे छापील चित्रातला निळा आणि कापडातला निळा हे मुळात दोन वेगळ्या पदार्थांचे रंग आहेत, आणि चित्रावरून बाटली निवडली की छटा थोडी थंड आणि हिरवट होते. मी तो राखाडी मिसळते तो म्हणूनच.

आता फेसिंग. म्हणजे कॉलर, कफ आणि छातीवरच्या पट्ट्या यांचा वेगळा रंग, ज्यावरून रेजिमेंट ओळखायची. निळ्या कोटात सगळ्या लाइन रेजिमेंटचे रंग जवळपास सारखेच होते. शिपाई कुठल्या रेजिमेंटचा हे बटणावरच्या क्रमांकावरून कळे. पांढऱ्या कोटासाठी 1806 च्या हुकमानं संपूर्ण नवी रचना केली. 112 क्रमांक आठ-आठच्या चौदा गटांत विभागले आणि प्रत्येक गटाला एक रंग दिला. पहिल्या आठांना गडद हिरवा, मग काळा, शेंदरी लाल, कापुसीन म्हणजे तपकिरीकडे झुकणारा नारिंगी, जांभळा, आकाशी, गुलाबी, ऑरोर म्हणजे पहाटेचा केशरी-गुलाबी, गडद निळा, जोंकिय पिवळा, गवती हिरवा, मंजिष्ठाचा लाल, किरमिजी, आणि शेवटच्या आठांना लोखंडी राखाडी. गटातल्या पहिल्या चौघांची बटणं पिवळ्या धातूची आणि खिशाच्या झाकणांची रेघ आडवी; पुढच्या चौघांची बटणं पांढऱ्या धातूची आणि रेघ उभी. त्यावर पुन्हा, रंग तिन्ही जागी आहे की कॉलर, कफ आणि पट्ट्या यांतल्या दोनच ठिकाणी, यावरून चौघांतला एकेक वेगळा काढायचा.

33 हा पाचव्या गटातला पहिला क्रमांक. म्हणून जांभळा, तिन्ही जागी, पिवळी बटणं, आडवे खिसे. एवढं हुकमावरून सरळ निघतं. ही पद्धत मला फार आवडली. 112 क्रमांकांचे 112 कोट एका छोट्या कोष्टकातून उभे राहतात, आणि एकदा कोष्टक हातात आलं की कुठल्याही क्रमांकाचा शिपाई रंगवता येतो. घोडदळातही हाच विचार दिसतो. फ्रेंच ड्रॅगूनच्या तीस रेजिमेंट सहा-सहाच्या पाच गटांत होत्या: शेंदरी, किरमिजी, गडद गुलाबी, जोंकिय आणि ऑरोर. हिरवा कोट सगळ्यांना एकच, ओळख फेसिंगच्या रंगावर आणि त्याच्या जागांवर.

या कोष्टकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जांभळी लोकर करायची तर निळ्यावर लाल चढवावा लागतो. हिरवी करायची तर निळ्यावर पिवळा. म्हणजे निळीची बचत करायला काढलेल्या कोटावरही कॉलर, कफ आणि पट्ट्यांपुरती नीळ कित्येक रेजिमेंटना लागणारच होती. बचत मोठी होती यात शंका नाही, कारण कोटाचं अंग पांढरं राहिलं. पण कोठारवाल्यांच्या नजरेनं पाहा: आधी निळा, पांढरा, लाल अशी तीन रंगांची लोकर ठेवून भागायचं, आता चौदा रंगांची ठेवायची, आणि एका रेजिमेंटचा कोट दुसरीला देता येणार नाही. मोहिमेवरच्या सैन्यासाठी ही व्यवस्था जड होती.

नेपोलियननं आयलाऊच्या बर्फात पांढऱ्या कोटांवरचं रक्त पाहिलं आणि निळा परत आणा असं फर्मावलं, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. ती मला पटत नाही. ऑस्ट्रियाचं पायदळ अनेक पिढ्या पांढऱ्या कोटात लढत होतं, आणि खुद्द फ्रान्सच्या राजाचं पायदळही क्रांतीपूर्वी पांढऱ्यातच होतं. मला जास्त पटणारी कारणं साधी आहेत. पांढरी लोकर मोहिमेवर स्वच्छ ठेवणं कठीण, चौदा रंगांचा पुरवठा अवघड, आणि निळा हा तोपर्यंत क्रांतीच्या सैन्याचा रंग झालेला. 1793 मध्ये राजाच्या जुन्या पलटणी आणि नवे स्वयंसेवक एकत्र केले, तेव्हा एका बाजूला पांढरे कोट होते आणि दुसऱ्या बाजूला निळे. त्या निळ्यात वाढलेल्या जुन्या शिपायांना पुन्हा पांढरा चढवायला सांगणं सोपं नव्हतं. 1807 मध्येच निळ्याकडे परतायचं ठरलं. शिवून झालेले पांढरे कोट झिजेपर्यंत वापरले गेले.

चित्रांच्या शोधात मी सर्वांत जास्त रमले ती दोन संग्रहांत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला विंकहुइझेन संग्रह, एका डच डॉक्टरानं जमवलेली बत्तीस हजारांवर गणवेशचित्रं. आणि प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठातला अ‍ॅन एस. के. ब्राउन संग्रह. दोन्हींतली चित्रं घरबसल्या, मोठ्या आकारात, फुकट पाहता येतात. पुण्यात बसून अशा चित्रांवरचा बटणाचा रंग तपासता येतो, ही आपल्या पिढीला मिळालेली मोठी देणगी आहे. पण विंकहुइझेन यांनी अनेक पुस्तकं सुटी करून त्यांतली पानं देशवार आणि काळवार नव्यानं लावली. त्यामुळे पान कुठल्या पुस्तकातलं, छापलं कधी, काढलं कोणी, हे प्रत्येक वेळी वेगळं शोधावं लागतं. 1807 मध्ये काढलेलं चित्र आणि 1890 च्या पुढे रिचर्ड क्नोटेल यांनी काढलेलं 1807 चं चित्र, ही दोन्ही तिथं एकाच रांगेत भेटतात. क्नोटेल यांचा अभ्यास प्रचंड होता, पण ते त्या प्रसंगाचे साक्षीदार नव्हते.

साक्षीदार म्हणावेत असे चित्रकार थोडे. हाम्बुर्गच्या झूर बंधूंची चित्रं त्यांत फार मोलाची. 1806 च्या नोव्हेंबरात फ्रेंचांनी हाम्बुर्ग घेतलं आणि पुढे अनेक वर्षं तिथून नाना देशांच्या फौजा गेल्या. दारावरून जाणारे हे शिपाई झूर बंधूंनी काढून ठेवले, ला रोमानाच्या स्पॅनिश डिव्हिजनसकट. दुसरा माझा आवडता साक्षीदार फाबेर द्यु फॉर हा व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याचा अधिकारी. 1812 च्या रशियाच्या मोहिमेत तो स्वतः होता. त्याच्या चित्रांतले शिपाई पाहिले की नियमावलीतला शिपाई आणि रस्त्यावरचा शिपाई यांतलं अंतर समजतं.

जुन्या चित्रांचे रंगही आहेत तसे घेता येत नाहीत. तेव्हाची गणवेशचित्रं कोरून छापायची आणि मग प्रत्येक प्रत हातानं रंगवायची. पॅरिसच्या मार्तिने यांच्याकडून निघालेल्या एकाच चित्राच्या दोन प्रतींत मला कफ वेगवेगळे दिसले आहेत. कागद पिवळा पडतो आणि पांढऱ्या कोटाला पिवळसर झाक आणतो. गँबोजसारखा पिवळा उजेडात उडतो, मग हिरवा निळसर होतो. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळवंडतो, आणि पांढरे पट्टे काळे दिसू लागतात. संग्रहालयातल्या खऱ्या कोटांचंही तसंच. नीळ आणि मंजिष्ठ लोकरीवर चांगले टिकतात, पिवळे टिकत नाहीत, म्हणून हिरवे कोट आज निळ्याकडे झुकलेले दिसतात. पॅरिसच्या लष्करी संग्रहालयातल्या कोटाचा फोटो पाहतानाही मी आधी बटणांचा आणि पट्ट्यांच्या आकाराचा विचार करते, रंगछटेचा नंतर.

बटणांवर मात्र मनापासून विश्वास ठेवावा. 2001 मध्ये लिथुएनियाची राजधानी विल्निअस इथं 1812 च्या माघारीत मेलेल्या तीन हजारांहून अधिक जणांची सामूहिक कबर सापडली. कापडाच्या चिंध्यांवर मातीचा रंग चढला होता, पण बटणांवरचे क्रमांक वाचता आले आणि मेलेले कुठल्या रेजिमेंटचे हे त्यावरून ओळखता आलं. त्या सापळ्यांबद्दल वाचल्यापासून मी शिपायाचं बटण रंगवताना घाई करत नाही. क्रमांक या आकारात रंगवता येत नाही, पण पिवळा धातू की पांढरा, एवढं तरी योग्य हवं. लाइन पायदळाची बटणं पितळेची, हलक्या पायदळाची पांढऱ्या धातूची. पांढरा कोट असलेल्या रेजिमेंटमध्ये हा नियम मोडतो, आणि म्हणूनच 33 वीचा गट मला पुन्हा पुन्हा तपासावा लागला.

आयलाऊची लढाई 7 आणि 8 फेब्रुवारीची, बर्फाच्या वादळातली. मार्शल ओझरोचा कोअर त्या वादळात दिशा चुकून रशियन तोफांसमोर गेला तो 8 तारखेलाच. अशा थंडीत शिपाई कोटावर ओव्हरकोट घालणारच, मग आतला कोट निळा असो की पांढरा. फ्रेंच ओव्हरकोटांचा रंग एक नव्हता. राखाडी, तपकिरी, आणि न रंगवलेल्या लोकरीचा मातकट, अशा सगळ्या छटा शेजारी शेजारी असत, कारण जिथं जे कापड मिळालं त्याचे ते शिवले जात. ही छटा जुळवायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या घरी आजोबांची जुनी घोंगडी आहे. तिच्यात एकाच विणीत काळपट, तपकिरी, करडा असे मेंढीच्या अंगावरचे सगळे रंग आहेत. ती खिडकीत पसरून तिच्यावरून मी ओव्हरकोटांचे चार वेगळे मिश्ररंग केले. त्यासाठी कॅमलचे अ‍ॅक्रिलिकही पुरेसे झाले. मातकट रंगांत ते व्हॅलेहोच्या तोडीचे आहेत.

मग आतल्या कोटांचं प्रमाण ठरवायचं होतं. हुकूम एप्रिल 1806 चा. नवे कपडे प्रथम डेपोंत, म्हणजे फ्रान्समधल्या भरती केंद्रांत शिवले जाणार आणि नव्या रंगरुटांच्या अंगावर मोहिमेकडे निघणार. फ्रियाँची डिव्हिजन मात्र 1805 पासून जर्मनीत आणि मग पोलंडमध्ये फिरत होती. जुन्या शिपायांकडे निळे कोट असणार, मागून आलेल्या तुकड्यांतल्या पोरांकडे पांढरे. म्हणून मी अर्ध्याहून जास्त शिपाई ओव्हरकोटात केले, उरलेल्यांत बहुतेक निळे, आणि मागच्या रांगेत मोजके पांढरे, जांभळ्या कॉलरचे. अधिकारी सगळे निळ्यात. एवढ्या शोधानंतर मोजकेच पांढरे कोट का, असं माझ्या भाच्यानं विचारलं. त्याला म्हटलं, "अरे, शोध घेतला म्हणून तर मोजके." सगळी बटालियन पांढरी-जांभळी केली असती तर टेबलावर ती फार देखणी दिसली असती, पण त्या फेब्रुवारीतली 33 वी ती नसती.

पांढरा कोट रंगवणं हे निळ्यापेक्षा अवघड. या शिपायाच्या अंगावर कोट पांढरा, आतलं जाकीट पांढरं, विजार पांढरी, छातीवर फुली मारणारे चामडी पट्टे पांढरे. सगळं एकाच पांढऱ्यात रंगवलं तर आकार हरवतो. चामडी पट्ट्यांना शिपाई पांढरी माती चोळून चकचकीत ठेवत, त्यामुळे शुद्ध पांढरा फक्त तिथं. लोकरीचा पांढरा दुधाळ, म्हणून आयव्हरीत किंचित राखाडी. विजारीला गुडघ्याखाली मातीचा वॉश, आणि तिथून काळी गेटर, म्हणजे पोटरीवरचं कापडी आवरण. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मी काळ्याऐवजी फिकट राखाडी घेतला, नाहीतर पांढरा चढवता चढवता थर जाड होतो आणि बटणं बुजतात. जांभळ्यासाठी गडद जांभळ्यात थोडा निळा आणि थेंबभर करडा. लहान आकारावर रंग मूळ कापडापेक्षा गडद दिसतो, म्हणून सगळ्याच छटा मी एक पायरी उजळ ठेवते. ताईंनी रंगवलेला लोकरीचा तुकडा हातभर अंतरावर आणि शिपाई त्याच्याशेजारी धरला की ही पायरी किती ते कळतं.

कंपनीच्या, म्हणजे बटालियनमधल्या लहान तुकडीच्या, खुणांतही साल विसरून चालत नाही. शाकोवरच्या गोंड्यांचे हिरवा, आकाशी, ऑरोर आणि जांभळा हे फ्युझिलियर, म्हणजे साध्या शिपायांच्या, कंपन्यांचे चार रंग सगळ्या मार्गदर्शकांत असतात. ते फेब्रुवारी 1808 च्या फेररचनेला जुळतात, जेव्हा बटालियनमध्ये सहा कंपन्या झाल्या: एक ग्रेनेडियर आणि एक व्होल्टिझर या निवडक शिपायांच्या, आणि चार फ्युझिलियर. 1807 मध्ये कंपन्या नऊ होत्या, त्यात फ्युझिलियरच सात. चार रंग सात कंपन्यांना पुरणार कसे? म्हणून मी ते घेतले नाहीत. माझ्या फ्युझिलियरांना मी साधे गोंडे दिले आणि बऱ्याच शाकोंवर कापडी खोळ चढवली, जी मोहिमेवर असतेच. ग्रेनेडियरांच्या खांद्यावर लाल झुपके, व्होल्टिझरांना हिरवा आणि पिवळा. पडघमवाल्यांना तेव्हा कर्नल आपल्या मर्जीचे कपडे देत. सगळ्या सैन्यातल्या पडघमवाल्यांसाठी एकच हिरवी शाही लिव्हरी, म्हणजे ठरावीक पोशाख, आली ती पुढे, बार्दँच्या काळात. इथे मी जांभळ्या कॉलरचा निळा कोट केला, कर्नलला शोभेल असा.

आता ब्रिटिश बाजू घ्यायची आहे, आणि ती आपल्याच मातीवरची. 23 सप्टेंबर 1803 ला जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळच्या असई गावी आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिलेला वेलिंग्टन तो हाच. असईच्या गावासमोर सर्वांत जास्त मेले ते 74 व्या हायलँडर रेजिमेंटचे. लाल कोट, पांढरं फेसिंग. शिपायांचा लाल मंजिष्ठाचा, विटकरीकडे जाणारा; अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा कोचिनील किड्यापासून केलेला झळझळीत शेंदरी. हा फरक एका फलटणीत शेजारी शेजारी दाखवायचा म्हणून ताईंकडे मंजिष्ठाच्या हौदात लोकर टाकून ठेवली आहे. आपली मंजिष्ठा युरोपातल्या मंजिष्ठेची बहीण असली तरी तिचा लाल थोडा वेगळा उतरतो, तेवढी दुरुस्ती करावी लागेल.

ब्रिटिश फेसिंगसाठी सगळे जण चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ यांची कोष्टकं काढतात. ती फार सुंदर आहेत, आणि 1812 च्या पुढची आहेत. 74 वीचा हायलँडर पोशाख 1809 च्या हुकमानं काढून घेतला होता, तेव्हा त्या कोष्टकातली 74 वी असईतली नव्हे. फेसिंगचा पांढरा तिथून घेता येतो, डोक्यापासून पायापर्यंतचं बाकी सगळं 1802-03 च्या कागदांतून काढायचं आहे. ते काम सुरू आहे.